घाटात तापणारी पिकअप: धूर आणि उष्णतेच्या एका जुन्या दुखण्याचा माग

गाडी २००८ सालची डिझेल पिकअप. चार सिलिंडर, अडीच लिटर, साधा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा), इंटरकूलर नाही, डिझेल पंप पूर्ण यांत्रिक. लॅपटॉप जोडून चूक विचारावी असं तिच्यात काही नाही. जे विचारायचं ते ड्रायव्हरला, आणि जे बघायचं ते डोळ्यांनी. मालकीण कोळीवाड्यातल्या एक मावशी, गाडी चालवतो त्यांचा भाचा. पहाटे ससून डॉकवरून बर्फ आणि मासळी उचलायची, चेंबूर-घाटकोपरला उतरवायची आणि मधूनमधून जुन्या रस्त्याने खोपोलीचा घाट चढून पुण्याला माल पोचवायचा, हा तिचा धंदा.

रे रोडजवळच्या दारुखाना भागातल्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी आली ती तीन तक्रारी आणि दोन निकाल घेऊन. घाटात भरल्या गाडीला काळाकुट्ट धूर. शिंग्रोबाच्या देवळापर्यंत पोचता पोचता तापमानाची सुई लाल पट्ट्यात. पहाटे थंड स्टार्टला पांढरा धूर, तोही बराच वेळ. निकाल असे, की एका मेस्त्रीने सांगितलं हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, दुसऱ्याने सांगितलं रिंगा-लायनर (पिस्टनवरच्या कड्या आणि सिलिंडरचं आतलं अस्तर) संपले, इंजिन उतरवा. दुसऱ्याचा अंदाज ८० हजारांच्या घरात होता. वर पीयूसीत गाडी नापास झालेली. बीएस-३ डिझेलला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक), हिचा आकडा ८४.

मावशी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मेस्त्री, इंजिन गेलं असेल तर तसं सांगा, भंगारात घालते. पण मला गोल गोल बोलू नका."

बॉनेट उघडण्याआधी भाच्याला चहा दिला आणि वेगवेगळे प्रश्न विचारले. जुन्या गाडीच्या बाबतीत हा वेळ पान्यापेक्षा जास्त कामाचा. शीव किंवा मानखुर्दच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापते का? नाही, तासभर अडकलो तरी सुई मध्यावर. वाशीच्या खाडीपुलावर? थोडी वर जाते, उतरणीला परत खाली येते. रिकामी गाडी घाट चढली तर? तापत नाही, पण धूर असतोच.

एवढ्यावरच बऱ्याच गोष्टी बाजूला पडल्या. उभ्या गाडीत रॅडिएटरला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा. पंखा किंवा पट्टा अधू असता तर गाडी आधी शीवच्या सिग्नलला तापली असती. इथे उलटं होतं. वाऱ्याला तोटा नाही तिथे तापते आणि वारा नाही तिथे शांत. म्हणजे इंजिन जेव्हा जोर लावतं तेव्हा तयार होणारी उष्णता बाहेर टाकायला यंत्रणा पुरी पडत नाही. आता त्याची कारणं दोनच प्रकारची: उष्णताच जास्त तयार होतेय, किंवा ती वाहून नेणारं पाणी आणि रॅडिएटर कमी पडतंय. इथे दोन्ही निघालं, पण ते नंतर कळलं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच होता: या तीन तक्रारी कुठल्या क्रमाने आल्या, आणि मधल्या काळात गाडीला कुणी काय केलं?

भाचा आधी म्हणाला, "सगळं एकदमच चालू झालं." असं कधी नसतं. थोडं खोदल्यावर निघालं ते असं. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीचा जोर कमी झाला. तेव्हा ना धूर होता, ना गाडी तापत होती. फक्त घाटात तिसऱ्या गिअरची जागा दुसऱ्याने घेतली. हायवेवरच्या एका फिटरने डिझेलचा "पंप सेट" करून दिला, गाडी पुन्हा ओढायला लागली, पण धूर सुरू झाला. त्यानंतर गाडी तापायला लागली. मग दुसऱ्या एकाने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रॅडिएटरची वाट बंद ठेवणारा वॉल्व) काढून फेकून दिला, कारण आपल्या हवेत त्याची गरज काय! त्यानंतर पहाटेचा पांढरा धूर वाढला. आणि घाटातलं तापणं? ते कमी व्हायच्या ऐवजी वाढलंच.

हा क्रम मी भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहून काढला. माझ्या मते निम्मं निदान तिथेच झालं होतं. जोर गेला, पंप वाढवला, धूर आला, तापली, थर्मोस्टॅट काढला, पांढरा धूर वाढला. प्रत्येक नवं दुखणं आधीच्या इलाजाच्या पाठोपाठ आलेलं. म्हणजे मूळ दुखणं एकच, पहिलं: जोर का गेला? त्याचं उत्तर कुणी शोधलंच नव्हतं.

तरीही दोन्ही निकाल तपासल्याशिवाय खोडता येत नाहीत. हेड गॅस्केट खरंच गेलेलं असतं तर बाकीची हुशारी वाया.

हेड गॅस्केट आणि रिंगा

सकाळी थंड इंजिनवर रॅडिएटरचं झाकण उघडलं. (गरम असताना उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कुणाचा ना कुणाचा हात भाजतोच.) पाणी बोटभर खाली. ऑईलची पट्टी ओढली, ऑईल काळं पण स्वच्छ, दुधाळपणा नाही. ऑईल भरायच्या झाकणाच्या आत साय नाही. मग रॅडिएटर काठोकाठ भरला, वॉटर पंपाचा पट्टा काढला आणि इंजिन मिनिटभर चालवलं. पट्टा काढायचं कारण असं, की पंप फिरत असताना पाण्यात हवेचे बुडबुडे येतात आणि त्यावरून फुकट गॅस्केट बदलली जातात. पंप थांबलेला असताना जर बुडबुड्यांची सरळ माळ वर आली, तर तो सिलिंडरमधला वायूच. इथे पाणी आरशासारखं स्थिर राहिलं. रेस देऊन पाहिली, तरी स्थिर. मिनिटभराच्या वर मात्र असं चालवायचं नाही.

गळती तपासणीच्या हातपंपाने कूलिंग सिस्टिममध्ये झाकणावर लिहिलेला ०.९ बार दाब भरला. पंधरा मिनिटांत काटा किंचित उतरला आणि रॅडिएटरच्या खालच्या टाकीच्या सांध्यावर घामासारखे थेंब दिसले. हेडच्या सांध्यावर काहीच नाही. मग झाकण स्वतंत्र तपासलं. ते निम्म्या दाबालाच उघडत होतं, स्प्रिंग मेलेली. साधं पाणी मोकळ्या हवेत १०० अंशांना उकळतं, पण ०.९ बार जास्तीच्या दाबाखाली ते जवळपास ११९ अंशांपर्यंत थांबतं. स्प्रिंग गेली की ही सगळी राखीव शिल्लक जाते, पाणी लवकर उकळून नळीवाटे बाहेर फेकलं जातं आणि ड्रायव्हर म्हणतो, "गाडी पाणी पिते." गाडी पाणी पीत नव्हती, ओकत होती.

रिंगांचा निकालही तसाच निघाला. चालू इंजिनवर ऑईलचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवलं. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांजवळून खाली निसटणारा वायू, जोरात असेल तर झाकण नाचतं, उडून पडतं. हे थोडं थरथरलं आणि बसून राहिलं. नोझल काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं: २६, २७, २५, २७ बार. या वयाच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनला याहून चांगलं मागू नये. इंजिन उतरवायचं काहीच कारण नव्हतं. मावशींना तेवढं त्याच दिवशी सांगितलं, कारण त्यांची झोप उडवणारा आकडा त्या ८० हजारांचाच होता.

पांढऱ्या धुराचीही शहानिशा केली. पाण्याची वाफ असेल तर ती सायलेन्सरपासून हातभर अंतरावर विरून जाते आणि वासाला फारशी नसते. हा धूर जमिनीलगत रेंगाळत होता, डोळ्यांना झोंबत होता, वास कच्च्या डिझेलचा. म्हणजे न जळलेलं डिझेल. नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले केले. तिसऱ्या सिलिंडरचा नट ढिला करताच इंजिनच्या आवाजात फारसा फरक पडला नाही, पण पांढरा धूर निम्म्याहून कमी झाला. तिसरी नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब टाकत होती. ही परीक्षा जुनी आणि भरवशाची, पण हात आणि डोळे त्या नटापासून लांब ठेवायचे. या पाइपांत दाब शेकडो बार असतो आणि तसलं डिझेल कातडीतून आत शिरतं. तसं झालं तर भोक टाचणीएवढं दिसतं, पण थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

इंजेक्शनचं टायमिंग मागे सरकलं तरी पांढरा धूर आणि तापणं दोन्ही येतं, म्हणून पंपाच्या फ्लँजवरची खूण पाहिली. जुळत होती. तो विषय तिथेच संपवला.

सुई खरं सांगते का

घाट रात्री चढायचा, म्हणजे हेडलाइट चालू. जुन्या गाड्यांत अर्थिंग खराब असेल तर लाइट लावताच तापमानाची सुई वर उडी मारते आणि गाडी न तापताच तापल्यासारखी दिसते. लाइट लावून-बंद करून पाहिलं, सुई जागची हलली नाही. मग इन्फ्रारेड तापमापकाने थर्मोस्टॅटच्या घरावर मोजलं. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवली होती, कारण चकचकीत धातूवर ही यंत्रं कमी आकडा दाखवतात. सुई आणि आकडा जुळले. गेज खरं होतं.

त्याच यंत्राने रॅडिएटर वरून खाली चाळला. वर ९० च्या आसपास, मध्ये हळूहळू उतरत जाणारं, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एकदम ५० च्या खाली. एकदम थंड भाग म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही. भाच्याला विचारलं पाणी कुठलं भरतोस. धक्क्याजवळच्या बोअरिंगचं. कूलंट कधी? "ते महाग असतं ना." खाऱ्या, जड पाण्याचा क्षार आतून नळ्या बुजवत गेला आणि समुद्राची खारी हवा बाहेरून जाळी खात गेली. खालच्या ओळींतल्या तांब्याच्या जाळीला बोट लावलं तर हिरवी भुकटी हातात आली.

एवढं सापडल्यावर कुणीही रॅडिएटर बदलून मोकळा झाला असता, आणि गाडी बरीचशी सुधारलीही असती. पण फळ्यावर पहिलं वाक्य अजून तसंच होतं: जोर का गेला.

मूळ दुखणं

टर्बोपासून इंटेक मॅनिफोल्डपर्यंत येणाऱ्या रबरी होजला टी जोडून दाबाचं मीटर लावलं आणि ते केबिनमध्ये घेतलं. मागे बर्फाच्या पाट्या लादून फेरी मारली. पूर्ण पॅडलवर ०.९ बारच्या आसपास हवा मिळायला हवी होती, मिळत होती ०.३. टर्बोचं चाक हाताने फिरवून पाहिलं. मोकळं फिरत होतं, खेळ नव्हता, पाती शाबूत. म्हणजे टर्बो हवा दाबत होता, ती पोचत नव्हती.

होज वरून नवीकोरी दिसत होती. चेसिसवर मात्र तिच्या बरोबर खाली पंख्याच्या आकाराचा तेलकट डाग पसरलेला. टर्बोतून येणाऱ्या हवेत तेलाची थोडी वाफ असतेच. हवा जिथून सुटते तिथे ती वाफ आपली सही करून ठेवते. क्लॅम्प सोडून होज काढली आणि दोन्ही हातांनी वाकवली, तेव्हा खालच्या अंगाला क्लॅम्पच्या कडेने चार बोटं लांब चीर उघडली. सोडली की मिटली. उभ्या इंजिनवर ती मिटलेलीच असते, म्हणून कुणाला दिसली नव्हती. घाटात टर्बो दाब द्यायला लागला की उघडायची.

आता सगळा क्रम बसला. या पंपावर टर्बोचा दाब बघून डिझेल वाढवणारा एक पडदा असतो. हवा कमी, तर डिझेलही कमी. होज फाटली, हवेचा दाब पडला, पंपाने शहाण्यासारखं डिझेल आवरलं. म्हणून सुरुवातीला धूर नव्हता, फक्त जोर गेला. हायवेवरच्या फिटरने पंपाचा मुख्य स्क्रू वाढवून हा शहाणपणा खोडून काढला. पंपावरचं शिशाचं सील तुटलेलं आणि स्क्रूच्या खाचेवर पान्याचे ताजे ओरखडे होतेच. चुलीची फुंकणी फुटली म्हणून कुणी लाकडं वाढवावीत, तसा प्रकार. लाकडं वाढली, हवा तेवढीच, म्हणून काळा धूर.

आणि तापणं? इथे पेट्रोलवर वाढलेल्या माणसाची हमखास गल्लत होते. पेट्रोल इंजिनमध्ये मिश्रणात पेट्रोल थोडं जास्त झालं की इंजिन थंड राहतं, कमी झालं की तापतं. डिझेलमध्ये उलट आहे. तिथे एरवी हवा गरजेपेक्षा जास्तच असते, त्यामुळे जेवढं डिझेल जास्त तेवढी आग जास्त. जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यात उतरतो. डिझेल वाढवलं की पाण्यावरचा बोजा वाढला. अर्धा बुजलेला रॅडिएटर एरवीचा बोजा कसाबसा पेलत होता, हा जादाचा त्याला झेपेना. काळा धूर आणि लाल सुई ही दोन दुखणी नव्हती, एकाच स्क्रूची दोन टोकं होती.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण मुंबईत बऱ्याच जुन्या गाड्यांतून तो काढलेला असतो आणि ज्यांनी काढला त्यांना तो पराक्रम वाटतो. या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला एक तबकडी असते. पाणी साधारण ८२ अंशांना पोचलं की वरचं तोंड रॅडिएटरकडे उघडतं आणि त्याच वेळी खालची तबकडी बायपासची, म्हणजे रॅडिएटरला वळसा घालून जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की रॅडिएटरची वाट आणि बायपास, दोन्ही कायमचे उघडे. थंड इंजिनाचं पाणीही रॅडिएटरमध्ये फिरत राहतं, आणि जोराच्या कामात गरम पाण्याचा एक भाग रॅडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत फिरतो. म्हणून हलक्या कामात इंजिन धड गरम होत नाही, पहाटे पांढरा धूर रेंगाळतो, आणि घाटात, जिथे थेंब न् थेंब रॅडिएटरमधून जायला हवा, तिथे तापणं वाढतं. थंडीला आणि घाटाला, दोन्हीकडे नुकसान.

दुरुस्ती, एकेक करून

सगळं एकदम बदललं असतं तर गाडी बरी झाली असती, पण कशाने ते कळलं नसतं. मावशींकडे वेळ थोडा होता, मासळीचा हंगाम चालू होता, तरी दोन टप्पे तरी वेगळे ठेवू द्या अशी गळ घातली.

आधी फक्त होज आणि दोन नवे क्लॅम्प. खर्च नाव घेण्यासारखा नाही. मीटर लगेच ०.९ वर गेला, गाडी तर इतकी पळायला लागली की भाचा हसायलाच लागला. पण धूर घाटात थोडाच कमी, आणि पीयूसीचा आकडा जवळपास तोच, ८१. याचंही कारण आहे. पीयूसीत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकदम पूर्ण रेस देतात. मागे ओझं नसल्यामुळे त्या दोन क्षणांत टर्बो नीट दाब भरतच नाही. त्यामुळे फाटकी होज त्या परीक्षेत फारशी पकडली जात नाही, वाढवलेला स्क्रू मात्र लगेच पकडला जातो.

मग पंप आणि चारही नोझल पंप-नोझलवाल्याकडे. टेस्ट बेंचवर पंप कंपनीच्या मापाला आणला, नवं सील घातलं. तिसऱ्या नोझलची सुई बदलावी लागली, बाकी तीन फक्त साफ करून दाब जुळवला. हे काम गॅरेजच्या अंगणात कानाने करता येतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या कानाचा मी आदर करतो, पण पंप बेंचवरच लावावा. गाडी परत आली तेव्हा पीयूसी ४१.

शेवटी कूलिंग. रॅडिएटर रॉडिंग करून (नळ्यांत सळई घालून साफ करून) वाचेल का पाहिलं, पण खालची जाळी इतकी खाल्लेली होती की कारागिरानेच नको म्हटलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळाला असता, पण मावशींनी नवा कोअर टाकायला सांगितला आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्याच्या गाडीतून काढलेला रॅडिएटर आतून कसा आहे ते कुणालाच माहीत नसतं. नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट (घालण्याआधी गरम पाण्याच्या भांड्यात सोडून उघडतो का ते पाहिलं), आतून दोनदा धुवून मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. हवा काढायला इंजिन चालू ठेवून वरची नळी हाताने दाबत राहावं लागतं. हे काम कंटाळवाणं असलं तरी टाळायचं नाही. हेडमध्ये अडकलेला हवेचा एक फुगा सगळ्या नव्या सामानावर पाणी फिरवतो.

भरल्या गाडीने खोपोलीचा घाट चढताना मी भाच्याशेजारी बसलो होतो. शिंग्रोबापाशी सुई मध्याच्या जराशी वर गेली आणि तिथेच राहिली. मागच्या आरशात धूर दिसला तो गिअर बदलताना, तोही राखाडी, क्षणभर. वर खंडाळ्याला उभं राहिल्यावर लगेच चावी फिरवू नकोस, मिनिटभर इंजिन मोकळं चालू दे, एवढं भाच्याला सांगितलं. चढ चढून आलेला टर्बो लालबुंद असतो, ऑईल एकदम थांबलं की त्याच्या बेअरिंगमध्येच जळतं. आणि कधी पुन्हा तापलीच, तर हेडवर थंड पाणी ओतायचं नाही. बाजूला घ्यायची, इंजिनात पाणी असेल तर थोडी रेस ठेवून थंड होऊ द्यायची, पाणी गेलं असेल तर लगेच बंद करायची.

एक गोष्ट मात्र बाकी आहे. पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक फुसकारा अजून येतो. बहुधा वॉल्व सीलमधून रात्रभर उतरलेलं ऑईल. महिन्याला वरून ऑईल फार घालावं लागत नाही, कॉम्प्रेशन चांगलं आहे, तेव्हा त्यासाठी आत्ता हेड उघडायचं नाही असं ठरवलं. मावशींनी विचारलं, "म्हणजे इंजिन काम कधी काढायचं?" म्हटलं, ऑईल किती घालता ते वहीत मांडून ठेवा. लिटरचा हिशेब वाढायला लागला की गाडी घेऊन या, तोवर पाणी कूलंटचंच भरा आणि पंपाच्या सीलला कुणाचा पाना लागू देऊ नका.